अणुबाँबच्या बाजूने कोण बोलणार

२८ जुलै, सोमवार

सुरुची मॅडमना मतदार यादीच्या कामावर पाठवलं. आता दोन महिने त्या लोकांची दारं वाजवत फिरणार. त्यांच्याकडे शाळेची वादविवादाची टीम होती, ती शरच्चंद्र सरांनी आज मला दिली. सर मुख्याध्यापक आहेत. मी ग्रंथालयात परिचर. पुस्तकं झटकायची, रजिस्टर भरायचं, वर्तमानपत्रं काठीला लावायची. शिक्षण नववी. पण अठरा वर्षांत पाच कपाटं वाचून झाली आहेत आणि नवीन पुस्तकांची यादी सर मलाच करायला सांगतात.

शिक्षकांच्या खोलीत बातमी पोचली तेव्हा मी तिथेच होते. इतिहासाच्या चारुशीला मॅडम म्हणाल्या, "छान. आता घंटा वाजवणाऱ्या काकांकडे गणित द्या." सगळे हसले. मी म्हटलं, "मग तुम्हीच घ्या मॅडम." तर त्यांचा घसा बसतो म्हणे. हसताना बसत नाही.

विषय आहे, 'दुसरे महायुद्ध संपवण्यासाठी अणुबाँबचा वापर समर्थनीय होता.' स्पर्धा ३० ऑगस्टला सीताबर्डीत. प्रत्येक शाळेची दोन मुलं, एक अनुकूल बोलणार, एक प्रतिकूल. गुण दोघांचे मिळून धरतात आणि त्यावर करंडक. म्हणजे एकाच शाळेच्या दोघांनी एकमेकांना खोटं पाडायचं आणि जिंकायचं मात्र सोबत. रुपराव असते तर म्हणाले असते, हे तर आपल्या लग्नासारखं झालं.

मुलं सुरुची मॅडमनी आधीच निवडली आहेत. अकरावीचा पुष्कर, महाल भागात राहणारा. आणि त्याच वर्गातली हर्षा अश्विन लांजेवार.

नाव दोनदा वाचलं. तोच लांजेवार. रुपराव काम करायचे त्या शेडचा सुपरवायझर. चार वर्षांपूर्वी रुपरावांची पाळी दुपारी दोनला संपली होती. हा म्हणाला, एवढी बॅच काढून जा. दोन चाळीसला शेड उडाली. सुरुंगाची दारू बनवणारा कारखाना, मागे उरतं ते थोडंच. मला ओळखायला चप्पल दाखवली. लांजेवार तेव्हा ऑफिसात सही घ्यायला गेला होता. चौकशीत कोणाचाच दोष निघाला नाही.

यात मुलीचा काही संबंध नाही. हे इथं लिहून ठेवते.

३० जुलै, बुधवार

सुरुची मॅडमचा फोन. "बाई, हर्षाला सांभाळा. स्फोटानंतर ते लोक कारखान्याची वसाहत सोडून बेसाला आले. जुन्या शाळेत मुलं हिला काय काय बोलायची. दोन वर्षं ही वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करायची. या वेळी स्वतःहून नाव दिलंय. आता बोलली तर बोलली. नाही तर ही पुन्हा उभी राहणार नाही."

मी म्हटलं, बरं.

मधल्या सुटीत दोघं आली. मुलगी उंच, खांदे पुढे आलेले, बाकाच्या अगदी टोकावर बसते. बापाचं नाक आहे. तिला माहीत असावं मी कोण ते, कारण नमस्कार करताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पुष्करला प्रतिकूल दिलं आणि हर्षाला अनुकूल. पुष्करचा गळा ओला आहे, मेलेल्यांविषयी तो चांगलं बोलेल. हिचा आवाज कोरडा आहे आणि बाँबच्या बाजूला कोरडाच लागतो. कारण एवढंच.

पुष्कर खूश. "बाई, प्रतिकूलले टाळ्या राहतात."

हर्षा हळूच म्हणाली, "मी विरुद्ध बाजू घेऊ का?"

"नाही," मी म्हटलं.

२ ऑगस्ट, शनिवार

आजवरची पद्धत अशी, की मॅडम भाषण लिहून देणार आणि मुलं पाठ करणार. 'धूर' आला की हात वर, 'बालके' आलं की हात छातीवर. पुष्करनं विचारलं, "बाई, भाषण कधी देता?" मी म्हटलं, देणार नाही. वाचा. रोज येऊन आधी समोरच्याची बाजू सांगायची. समोरचा 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणेल तेव्हाच आपली बाजू सुरू.

संध्याकाळी पुष्करच्या आईचा सरांना फोन. शिपाईबाईच्या हाताखाली आमच्या मुलाचं वर्ष वाया जाईल म्हणे. सरांनी मला ते जसंच्या तसं सांगितलं. न सांगता आलं असतं.

मी पाचव्या कपाटातली महायुद्धाची तीन पुस्तकं काढून दिली. मीही पुन्हा वाचते आहे. दुसरा बाँब नागासाकीसाठी निघालाच नव्हता. कोकुरा नावाच्या शहरासाठी निघाला होता. विमानानं वर तीन घिरट्या घातल्या, खाली ढग आणि धूर, काही दिसेना, म्हणून पुढे गेलं. कोकुरातल्या बायकांनी त्या दिवशी स्वयंपाक केला असेल, मुलांवर ओरडल्या असतील, आणि त्यांना काही माहीतही नसेल. त्या बायकांचा मला राग येतो. हे बरं नाही, पण येतो.

६ ऑगस्ट, बुधवार

हिरोशिमाचा दिवस म्हणून सरांनी परिपाठात दोन मिनिटं स्तब्धता ठेवली. मुलं खुदखुदत होती. सव्वाआठला बंद पडलेल्या घड्याळाचं चित्र मी फलकावर लावलं.

दोन चाळीसला शाळेत सहावा तास चालू असतो. तेव्हा घंटा होत नाही. तरी मला कळतं.

११ ऑगस्ट, सोमवार

हर्षाची तयारी चांगली आहे. जमिनीवरून हल्ला केला असता तर किती मेले असते, जपानचं सैन्य शरण यायला कसं तयार नव्हतं, सगळं वाचलंय. आज उभं राहून चार मिनिटं बोलली. पहिल्यांदाच. मग मी तिला प्रतिप्रश्न विचारले. स्पर्धेत परीक्षक विचारतात, सवय हवी.

"हुकूम देणारा कुठं होता?"

"दूर होता, बाई."

"दूर काहून होता?"

"त्याचं काम तिथं होतं."

"आणि मेले त्यांचं काम कुठं होतं?"

तिनं वहीचं पान उलटलं.

"तो जेवला असेल का त्या दिवशी?"

"माहीत नाही."

"घरी मुलगी असेल त्याला? तिला त्यानं काय सांगितलं असेल?"

तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी घड्याळ लावून एक मिनिट थांबले. मग ती खाली बसली. मी म्हटलं, तीस ऑगस्टला असं बसता येणार नाही. त्यात चुकीचं काय बोलले मी? सवय लागायला हवी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आजही तेच प्रश्न घेतले. थोडे वाढवले. हर्षा उभी राहते, दोन वाक्यं बोलते आणि थांबते. सोमवारी चार मिनिटं बोलली होती, आज एकही नाही.

ती गेल्यावर पुष्कर दप्तर भरत म्हणाला, "बाई, एक विचारू? तुम्ही मले असे प्रश्न नाही विचारत."

"तुझी बाजू सोपी आहे."

"मले वाटलं, तुम्ही तिले हरवून राहिल्या. ती तर आपल्याच टीमची आहे नं."

आगाऊ आहे. आईवर गेला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लांजेवार शाळेच्या फाटकाशी उभा होता. चार वर्षांत पहिल्यांदा समोर आला. तेराव्याला आला होता तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. केस पिकलेत. बरं झालं.

"वहिनी, पोरगी जेवत नाही," तो म्हणाला. "रोज ताटावर बसली का मले विचारते, बाबा तुम्ही तेव्हा कुठं होते. तुम्हाले काय म्हणायचं असन ते मले म्हणा. तिले कायले छळता?"

"मी तिले दुसरं महायुद्ध शिकवून राहिली," मी म्हटलं. "तुमचा काय संबंध?"

मी आत आले. परत आलेली पुस्तकं लावत बसले. तीन पुस्तकं चुकीच्या कपाटात गेली, ती आत्ता आठवली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हर्षा आली नाही. पुष्करच्या हाती चिठ्ठी: 'मला स्पर्धेत बोलायचे नाही.' सही.

सरांना सांगितलं, मुलगी कच्ची आहे, दुसरं नाव द्या. सर म्हणाले, "आठ दिवसांत दुसरं कोण उभं राहणार? सोमवारी टीम मागे घेतो." चारुशीला मॅडम तिथेच होत्या. "तरी मी म्हणत होते," म्हणाल्या. त्या काहीच म्हणत नव्हत्या, हसत होत्या.

मला वाटलं होतं ती गेली की बरं वाटेल. तीन कपाटांची धूळ झटकली. वाटलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला. आज मारबत, बाईच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. महालातून काळी आणि पिवळी दोन्ही निघाल्या. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्यांच्या गळ्यात पाट्या: महागाई, खड्डे, आणखी कोणाकोणाची नावं. लोक ओरडत होते, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" ज्याला जे नको ते तिच्याबरोबर शहराबाहेर जाऊन जळतं. दरवर्षी मीही ओरडते. चार वर्षं एकच नाव घेते, मनातल्या मनात.

आज नाव घ्यायला गेले तर तोंडात 'हर्षा' आलं.

मला ते नाव घ्यायचं नव्हतं. गर्दीतून बाहेर पडून एका दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदार म्हणाला, "काकू, चक्कर आली काय?" मी म्हटलं, हो.

२४ ऑगस्ट, रविवार

बसनं बेसाला गेले. शाळेचं नाव जायला नको म्हणून गेले. नव्या इमारती, नुसत्या खिडक्याच खिडक्या. तिसऱ्या मजल्यावर लांजेवारनं दार उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाला. हर्षाच्या आईनं पाण्याचा पेला माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. मी तो घेतला नाही. आम्ही दोघी सारख्याच.

हर्षा आतून आली. मी म्हटलं, "बाई, सहा दिवस राहिलेत. येशील का?" मुलीला मी बाई म्हणाले. कसं निघून गेलं तोंडातून, माहीत नाही.

"अनुकूल नाही बोलणार मी," ती म्हणाली.

"जमत नाही?"

"जमते." आवाज कोरडाच, पण थांबला नाही. "तुम्ही रोज विचारत होत्या, हुकूम देणारा कुठं होता. मी रोज रात्री त्याची उत्तरं तयार केली. सतरा पानं लिहिली. काल वाचून पाह्यली. बाई, ती सगळी माह्या बाबाची बाजू आहे. त्याच्यात अणुबाँब कुठंच नाही."

लांजेवार दाराला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"बाबा म्हणाले, थांब. थांब म्हणणं म्हणजे मर म्हणणं नाही. पुढं काय होणार ते त्याइले माहीत नव्हतं. पण त्या लोकाइले माहीत होतं. तुमच्याच पुस्तकात आहे. त्यांनी काही शहरं आधी मुद्दाम राखून ठेवली होती, तिथं साधे बाँब टाकायचे नाही म्हणून. काहून? तर नव्या बाँबनं किती मोडते ते नीट मोजता आलं पाह्यजे. मोजायची तयारी करून गेले ते. आणि तुम्ही मले महिनाभर शिकवलं का ते आणि माहे बाबा एकच. माह्या बाबाची बाजू मी त्या लोकाइले देणार नाही."

तिचे कान लाल झाले होते. पुस्तकातलं ते पान मी दोनदा वाचलं होतं आणि पुढे गेले होते.

मी म्हटलं, "मग प्रतिकूल बोल. रोज पुष्करची बाजू तूच सांगत होतीस, त्याची तुला पाठ आहे. त्याला तुझी."

ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही प्रश्न विचारणार?"

"नाही."

परत येताना बसमध्ये मी तिच्यावर चिडलेली होते. अजून आहे. सोळा वर्षांची पोर मला सांगते मी काय शिकवलं ते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

बाजू बदलल्याचं पत्र सरांनी सही करून दिलं. "हे बाई, तुमच्या जबाबदारीवर," म्हणाले. माझ्याकडे गमावण्यासारखं काय आहे, असं मी विचारणार होते. विचारलं नाही.

पुष्कर कुरकुरला. "म्हणजे आता टाळ्या तिले." मग डोकं खाजवून म्हणाला, "पण बाई, आता मी मनापासून खराब बोलू शकतो."

३० ऑगस्ट, शनिवार

सभागृहाबाहेर गणपतीचा मंडप, त्याचा भोंगा थेट खिडकीत. बावीस शाळा. प्रतिकूल बोलणाऱ्या प्रत्येकानं 'बालके' म्हणताना छातीवर हात ठेवला. मी अकरापर्यंत मोजलं.

पुष्कर चांगला बोलला. इतका थंडपणे, की माझ्या शेजारची बाई म्हणाली, "कोणाचं पोरगं आहे हे, देव जाणे." मी म्हटलं, आमचं.

मग हर्षा. माईकसमोर उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. भोंगा वाजत होता. मागच्या रांगेतून कोणी तरी टाळी वाजवली, तशी चिडवायला वाजवतात ती. वेळ लावणाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. माझ्या मनात ते अकरा ऑगस्टचं मिनिट आलं. घड्याळ मी लावलं होतं.

"एक माणूस दुसऱ्याला थांब म्हणतो," ती म्हणाली. "पुढे काय होणार ते त्याला माहीत नसतं. त्याला लोक जन्मभर सोडत नाहीत. त्याच्या मुलांनाही सोडत नाहीत. आणि काही माणसं नकाशा पसरून बसतात, कोणतं शहर अजून शाबूत आहे ते शोधतात, मोजणी नीट व्हावी म्हणून ते राखून ठेवतात. त्यांच्याविषयी आज आपण विचारतो आहोत, हे समर्थनीय होतं का. मला प्रतिप्रश्न विचारायचा आहे. ज्याला माहीत नव्हतं त्याला शिक्षा आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्यासाठी वादविवाद, हे कोणी ठरवलं?"

हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. पाच मिनिटं बोलली. एकदाही बसली नाही. मी वर बघू शकले नाही. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कोणी तरी पेनानं बदाम काढलेला होता, तोच बघत राहिले.

करंडक मिळाला नाही. आमची शाळा पाचवी. परीक्षक म्हणाले, मुलीचे विचार बरे आहेत, पण हातवारे नाहीत, विषयांतर आहे.

मुलं प्रमाणपत्रं घ्यायला गेली. व्हरांड्यात लांजेवार उभा होता. तो मागे बसून ऐकत होता, हे मला माहीत नव्हतं.

"वहिनी."

"मले वहिनी म्हणू नका."

"बाई, तिनं जे सांगितलं ते तसं नाही." चेहरा राखेसारखा झाला होता. "मले माहीत होतं. त्या दिवशी सकाळपासून दारू कालवायच्या मिक्सरचा आवाज बदलला होता. रुपरावनंच येऊन सांगितलं मले, साहेब, हे बरोबर वाटत नाही. मी म्हटलं, एवढी बॅच निघू दे, मग बंद करू. चौकशीत कोणी विचारलं नाही. मी बी सांगितलं नाही. आता ती तिथं उभी राहून सगळ्याइसमोर... मी आज घरी जाऊन तिले सांगून टाकतो. मले नाही राहवत."

चार वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते. ते असं मिळालं, भोंग्याच्या आवाजात, चपलांच्या ढिगाशेजारी. मला ओरडायचं होतं. समोर हर्षा जिना उतरत होती. एका मुलीशी बोलत होती, दुसऱ्या शाळेच्या.

"नाही सांगायचं," मी म्हटलं.

"पण बाई..."

"तुमचं मन हलकं करायले पोरगी नाही आहे ती. आज बोलली ती. आज तिच्या तोंडातून हे काढून घेसान तर ती मेल्यावानी जगन. मोठी होऊन तिनं आपल्या मनानं विचारलं, तवा सांगा. तोवर तुमच्याजवळ ठेवा. चार वर्ष ठेवलं, अजून ठेवा. तुम्हाले सुटका नाही."

"तुम्ही माफ..."

"नाही."

हर्षा जवळ आली. "काय म्हणून राहिले बाबा?"

"विचारत होते," मी म्हटलं, "त्या परीक्षकाले कान आहेत का नुसतेच हात."

ती हसली. मोठ्यानं, आजूबाजूचे लोक वळून पाहतील इतक्या मोठ्यानं. लांजेवार हसला नाही. स्कूटर काढायला गेला. किल्ली दोनदा पडली त्याच्या हातून.

संध्याकाळी घरी आले. चहा केला, तो तसाच राहिला.

रुपरावांनी आवाज ऐकला, जाऊन सांगितला, आणि 'बॅच निघू दे' ऐकून परत मशीनपाशी गेले. शेडचं दार तिथून वीस पावलांवर होतं. पंचनाम्याच्या वेळी मी चालून पाहिलं आहे. दोन वाजून गेले होते, पाळी संपली होती, त्यांना कोणी बांधून ठेवलं नव्हतं. तेही माहीत असून थांबले.

हे आजपर्यंत लिहिलं नव्हतं, कारण माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि मलाही ते कोणाला सांगायचं नाही.